सतराव्या वर्षीचे पाच तारे



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हाला शाळेत खेळ शिकवायचे. सहावी-सातवीतल्या एखाद्या पोराची कबड्डी बघून कोणी म्हणालं, "हा नाव काढणार", की सर म्हणत, "आधी त्याला वाढू तरी द्या." सरांचं हे वाक्य मला पुन्हा आठवलं ते हजारो मैलांवर, टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेला असलेल्या एका हायस्कूलच्या जिममध्ये. आजचा विषय मी तिथूनच सुरू करतो.

नोकरीच्या निमित्ताने मी तिकडे चौदा वर्षं काढली. आमची मुलगी शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायची. बँडचा खरा कार्यक्रम शुक्रवारी रात्री, फुटबॉलच्या सामन्याच्या मध्यंतरात. त्यामुळे खेळातलं ओ की ठो कळत नसताना आम्ही दोघं दर शुक्रवारी ब्लँकेट घेऊन स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसू लागलो. हा आपल्याकडचा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन समोरच्या भिंतीतून वाट काढायची, आणि ती भिंत माणसांची. एकेक मूल शंभर-सव्वाशे किलोचं. त्या भागात या खेळाचं वेड किती, तर शेजारच्या ॲलन गावाने २०१२ साली आपल्या हायस्कूलसाठी सहा कोटी डॉलर खर्चून अठरा हजार माणसांचं स्टेडियम बांधलं. कायलर मरे त्याच शाळेचा. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा संघाचा सूत्रधार, म्हणून त्याने सुरुवात केलेले बेचाळीसच्या बेचाळीस सामने शाळेने जिंकले.

तर तो जिममधला प्रसंग. डिसेंबरातला एक बुधवार होता. त्या दिवशी शेवटच्या वर्षातली मुलं कुठल्या महाविद्यालयाकडून खेळणार, त्याच्या कागदावर सही करतात. जिममध्ये पाच टेबलं मांडली होती. मधल्या टेबलावर तीन महाविद्यालयांच्या तीन टोप्या, आणि त्यांच्यामागे एक सतरा वर्षांचा मुलगा. बँडला वाजवायला बोलावलं होतं म्हणून आम्ही गेलो होतो. त्या मुलाची आई टोप्या पुन्हा पुन्हा सरळ करत होती. मुलाचे दोन्ही हात टेबलाखाली, गुडघ्यांवर दाबून धरलेले. मला बाजूने दिसत होतं, त्याचे गुडघे थरथरत होते. त्याने एक टोपी उचलून डोक्यावर घातली, जिम दणाणून गेलं, बँड सुरू झाला. कॅमेरे त्याच्याभोवती गोळा झाले. आणि दहा मिनिटांत निम्मं जिम रिकामं झालं. बाकीच्या टेबलांवर अजून सह्या चालू होत्या.

त्या मुलाला चार तारे होते. मी शेजारच्या गृहस्थांना विचारलं, तारे म्हणजे काय? तिथून मला या विषयाचा नाद लागला. माझा व्यवसाय विम्याचा, जोखमीचं गणित मांडण्याचा. एखाद्याच्या पुढच्या आयुष्याचा अंदाज आकड्यात बांधला जातो म्हटलं की माझे कान टवकारतात.

अमेरिकेत दरवर्षी दहा लाखांच्या आसपास मुलं हायस्कूलमध्ये फुटबॉल खेळतात. महाविद्यालयीन फुटबॉलपटू सत्तर हजारांहून थोडे अधिक. आणि नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजे एनएफएल, या व्यावसायिक लीगचे बत्तीस संघ दरवर्षीच्या ड्राफ्टमध्ये सात फेऱ्यांत मिळून अडीचशेच्या थोडे वर खेळाडू निवडतात. या चाळणीच्या पहिल्या टोकाला रायव्हल्स, टू-फोर-सेव्हन स्पोर्ट्स, ईएसपीएन अशा संस्थांचे लोक बसलेले असतात. ते मुलांच्या चित्रफिती पाहतात, शिबिरांना जातात, उंची, वजन, चाळीस यार्ड धावायला लागलेला वेळ यांची नोंद करतात, कुठल्या मोठ्या महाविद्यालयांनी शिष्यवृत्ती देऊ केली तेही बघतात, आणि मुलाला दोनपासून पाचपर्यंत तारे देतात. पाच तारे फार थोड्यांना. टू-फोर-सेव्हन स्पोर्ट्स साधारण बत्तीस मुलांनाच ते देते, कारण ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत निवडी बत्तीस. हे जाहीरपणे केलेलं भाकीत आहे: अमुक मुलं तीन-चार वर्षांनी पहिल्या फेरीतल्या तोलाची ठरतील.

हे भाकीत खरं ठरतं का? यावर दोन पक्ष आहेत, आणि माझ्या मते दोन्ही चुकतात.

पहिला पक्ष म्हणतो, तारेबिरे सगळं थोतांड. त्यांच्याकडे पुढे मोठं नाव काढलेल्या खेळाडूंची लांब यादी असते. पॅट्रिक महोम्सला तीन तारे. लमार जॅक्सनला तीन. बचावफळीतला या पिढीचा सर्वांत धाकदायक खेळाडू ॲरन डोनाल्ड, त्यालाही तीन. खलील मॅकला दोन. कूपर कप याच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं, तो ईस्टर्न वॉशिंग्टन या छोट्या महाविद्यालयात गेला आणि पुढे सुपर बोलचा, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्याचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला. टॉम ब्रेडी २००० सालच्या ड्राफ्टमध्ये १९९वा निवडला गेला आणि सात सुपर बोल जिंकून निवृत्त झाला. या पक्षाचं अलीकडचं लाडकं उदाहरण ब्रॉक पर्डीचं. शाळेत तीन तारे, २०२२च्या ड्राफ्टमध्ये अगदी शेवटची, म्हणजे २६२वी निवड. दोन वर्षांच्या आत तो सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाचा क्वार्टरबॅक म्हणून सुपर बोलच्या मैदानात उभा होता. त्याच्यासमोर क्विन युअर्स ठेवून पाहा. २०२१च्या तुकडीतला पहिल्या क्रमांकाचा मुलगा, ज्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. टेक्सास विद्यापीठाच्या संघाला त्याने लागोपाठ दोन वर्षं राष्ट्रीय उपांत्य फेरीत नेलं, तरी २०२५च्या ड्राफ्टमध्ये त्याची पाळी आली सातव्या फेरीत, २३१वी.

ऐकायला हे फार गोड वाटतं. पण मघाचे आकडे आठवा. पाच ताऱ्यांची मुलं तीस-बत्तीस. त्यांच्यापैकी साधारण निम्मी ड्राफ्टमध्ये निवडली जातात. म्हणजे पंधरा-सोळा. उरलेल्या सव्वादोनशे-अडीचशे जागा बाकीच्या मुलांना मिळणार, हे उघडच आहे. पण ही बाकीची मुलं किती? वरच्या श्रेणीतली महाविद्यालयंच दरवर्षी तीनेक हजार मुलं घेतात. ढोबळ हिशेब केला तरी पाच ताऱ्यांच्या दोन मुलांतला एक, आणि इतर बारा-तेरा मुलांतला एक, असं प्रमाण पडतं. एनएफएलमध्ये तीन ताऱ्यांची माणसं संख्येने जास्त दिसतात, कारण मुळात ती गर्दी मोठी. आमच्या धंद्यात ही चूक नवख्या माणसाला पहिल्या आठवड्यात समजावून सांगतात. तेव्हा तारे देणारे लोक आपलं काम जाणतात, आणि ते मला प्रामाणिकपणे मान्य करायचं आहे. एड्रियन पीटरसनला शाळेत पाहून त्यांनी सांगितलं की हा असामान्य धावपटू आहे. २०१२च्या हंगामात, गुडघ्याचा अस्थिबंध फाटल्यावर सुमारे वर्षभरात, तो २,०९७ यार्ड धावला. ट्रेव्हर लॉरेन्स, माइल्स गॅरेट, ब्राइस यंग, केलेब विल्यम्स ही सगळी पाच ताऱ्यांची मुलं ड्राफ्टमध्ये पहिली निवडली गेली. कायलर मरेसुद्धा.

दुसरा पक्ष महाविद्यालयांचा, प्रशिक्षकांचा, आणि मला वाटतं आपल्यासारख्या आईबापांचाही. त्यांना तारे म्हणजे भाकीत वाटतच नाही, निकाल वाटतो. दोनातला एक म्हणजे जगातलं उत्तम भाकीत झालं, पण त्याचाच अर्थ दुसरा एक उरतो. त्या दुसऱ्याचं काय होतं, हे कोणी विचारत नाही. मला आज त्याच्याविषयी बोलायचं आहे.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. हायस्कूल सोडल्यावर तीन वर्षं झाल्याशिवाय एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये येता येत नाही. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या मॉरिस क्लॅरेटने या नियमाला कोर्टात आव्हान दिलं आणि २००४ साली अपिलात तो हरला. म्हणजे सतराव्या वर्षी तारे मिळतात आणि खरी परीक्षा विसाव्या-एकविसाव्या वर्षी होते. त्या वयातली तीन-चार वर्षं म्हणजे किती, हे ज्यांच्या घरात मुलगे आहेत त्यांना सांगायला नको. शाळेत जो मुलगा सगळ्यांत दांडगा असतो, तो पुष्कळदा फक्त सगळ्यांत लवकर वाढलेला असतो. बाकीचे नंतर त्याला गाठतात.

जोश ॲलन हा कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ या लहानशा गावातल्या शेतकऱ्याचा मुलगा. शाळेत काटकुळा. मोठ्या महाविद्यालयांपैकी एकानेही त्याला बोलावलं नाही. तो रीडली नावाच्या दोन वर्षांच्या कॉलेजात गेला, तिथे अंगाने भरला, आणि मग देशभरातल्या प्रशिक्षकांना ईमेल धाडत बसला. अखेर वायोमिंगने त्याला घेतलं. २०१८ साली तो सातवा निवडला गेला आणि २०२४च्या हंगामात लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला. जे. जे. वॉट दोन ताऱ्यांचा. पहिलं कॉलेज सोडलं, पिझ्झा पोचवण्याचं काम केलं, शिष्यवृत्ती नसताना विस्कॉन्सिनच्या संघात शिरला, मैदानावरची जागाही बदलली. पुढे तीन वेळा वर्षातला सर्वोत्तम बचावपटू. या दोघांना तारे देताना कोणाची डुलकी लागली होती असं नाही. तेव्हाचा ॲलन आणि तेव्हाचा वॉट खरोखरच तेवढेच होते.

उलट बाजूला डोरियल ग्रीन-बेकम. २०१२च्या तुकडीतला पहिला. सहा फुटांवर उंची, वाऱ्यासारखा वेग. महाविद्यालयाने त्याला संघातून काढलं, आणि एनएफएलमध्ये तो दोन हंगाम टिकला. २००९चा पहिला ब्राइस ब्राउन ड्राफ्टच्या सातव्या फेरीत निवडला गेला. ही नावं आता तिकडेही फारशी निघत नाहीत.

एक नाव मात्र निघतं. मार्कस डुप्री.

मिसिसिपी राज्यात फिलाडेल्फिया नावाचं लहान गाव आहे. जून १९६४मध्ये तिथे चेनी, गुडमन आणि श्वर्नर या नागरी हक्क चळवळीतल्या तीन तरुणांचा खून झाला. एक कृष्णवर्णीय, दोन गोरे. त्याआधी महिनाभर त्याच गावात एका कृष्णवर्णीय कुटुंबात मार्कस जन्मला. तो पहिलीत असताना गावातल्या काळ्या-गोऱ्यांच्या शाळा एकत्र झाल्या. दहा-अकरा वर्षांनी तेच गाव शुक्रवारी रात्री या मुलासाठी उभं राहून ओरडत होतं. हायस्कूलमध्ये त्याने ८७ टचडाउन केले, नामांकित धावपटू हर्शेल वॉकरपेक्षा एक जास्त. १९८१च्या हिवाळ्यात देशभरातले प्रशिक्षक त्या गावात येऊन थडकले. ओक्लाहोमा विद्यापीठाचा एक साहाय्यक प्रशिक्षक तर कित्येक आठवडे तिथल्या मोटेलात मुक्काम ठोकून होता. विली मॉरिस या मिसिसिपीच्याच लेखकाने या सगळ्या प्रकारावर पुस्तक लिहिलं. मुलगा अजून विशीतही शिरला नव्हता, आणि त्याच्यावर पुस्तक!

डुप्री ओक्लाहोमाला गेला. १ जानेवारी १९८३च्या फिएस्टा बोल या महाविद्यालयीन सामन्यात, वजन वाढलेलं असताना, दमून वारंवार बाहेर बसावं लागत असताना, त्याने २३९ यार्ड काढले. सामन्यानंतर प्रशिक्षक बॅरी स्वित्झर यांनी जाहीरपणे त्याच्या तब्येतीवर ताशेरे ओढले. हा अठरा वर्षांचा, घरापासून लांब, आणि सगळ्या राज्याचं लक्ष त्याच्यावर. त्याच वर्षी ऑक्टोबरात तो हंगाम अर्ध्यावर टाकून निघून आला. एनएफएलची दारं बंद होती म्हणून दुसऱ्या एका लीगमध्ये खेळला, आणि १९८५मध्ये, विसाव्या वर्षी, गुडघा गेला. आपण त्याच्याशी फार कठोर वागलो, असं स्वित्झर यांनी पुष्कळ वर्षांनी कबूल केलं. गुडघा गेल्यावर पाच वर्षांनी डुप्रीने शरीर पुन्हा घडवून एनएफएलमध्ये दोन हंगाम काढले. मला हा त्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा पराक्रम वाटतो, आणि त्याची दखल सर्वांत कमी घेतली गेली. त्याच्यावर निघालेल्या माहितीपटाच्या नावाचा अर्थच मुळी 'होऊ न शकलेला सर्वश्रेष्ठ' असा आहे. हे शीर्षक मला बोचतं. कशाच्या तुलनेत 'होऊ न शकलेला'? लोकांनी सतराव्या वर्षी त्याच्याविषयी जी कल्पना केली, तिच्या.

आता दोन मुलं शेजारी शेजारी ठेवतो. दोन्ही साउथ कॅरोलायना राज्यातली, दोन्ही पाच ताऱ्यांची, आणि दोन हंगाम एकाच विद्यापीठाच्या एकाच संघात. जडेव्हियन क्लाउनी हा २०११चा देशातला पहिला. २०१३च्या पहिल्याच दिवशी मिशिगनविरुद्ध त्याने समोरच्या धावपटूला अशी धडक दिली की त्याचं हेल्मेट उडालं. ती चित्रफीत आजही दाखवतात. २०१४च्या ड्राफ्टमध्ये पहिली निवड त्याचीच. पहिल्याच हंगामात गुडघ्यावर शस्त्रक्रिया. तरी तो उभा राहिला, तीन वेळा लीगच्या निवडक खेळाडूंत आला, संघामागून संघ बदलत दहा वर्षांहून अधिक खेळला. त्याच्या नावापुढे 'अपेक्षाभंग' हा शब्द लावणारे पुष्कळ आहेत, कारण एका हंगामात क्वार्टरबॅकला दहा वेळा पाडणं त्याला जमलं नाही. साडेनऊपर्यंत पोचला. ज्या लीगमध्ये खेळाडूचं सरासरी आयुष्य तीन-साडेतीन वर्षांचं, तिथे दशकभर टिकलेल्या माणसाला अपयशी म्हणायचं, ही ताऱ्यांनी केलेली नजरबंदी आहे. तारे नसते तर याच कारकिर्दीला आपण डोक्यावर घेतलं असतं.

दुसरा मार्कस लॅटिमोर, धावपटू. २०१०मध्ये पहिल्याच वर्षी त्याने १,१९७ यार्ड काढले. पुढच्या वर्षी डावा गुडघा गेला. तो परत आला. २७ ऑक्टोबर २०१२, टेनेसीविरुद्धचा सामना, घरचं मैदान. एकविसावा वाढदिवस दोन दिवसांवर. एक धडक त्याच्या उजव्या गुडघ्यावर बसली आणि सांधा निखळला, अस्थिबंध फाटले. ऐंशी हजारांचं स्टेडियम गप्प झालं. दोन्ही संघांचे खेळाडू मैदानात आले, टेनेसीचेसुद्धा, आणि त्याच्याभोवती उभे राहिले. सॅन फ्रान्सिस्कोने त्याला चौथ्या फेरीत घेतलं. दीड वर्ष त्याने गुडघ्याशी झुंज दिली आणि नोव्हेंबर २०१४मध्ये, तेविसाव्या वर्षी, निवृत्ती जाहीर केली. एनएफएलमध्ये खेळलेले सामने: शून्य. पुढे काही काळ तो आपल्या जुन्या विद्यापीठातच खेळाडूंच्या मार्गदर्शनाचं काम करत होता.

लॅटिमोरला तारे देणाऱ्यांची काही चूक झाली का? मला तर दिसत नाही. तो पाच ताऱ्यांचाच होता. गुडघ्याचं भाकीत कोणाला करता येत नाही. म्हणूनच मी भाकीत करणाऱ्यांवर राग धरत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. जोखीम इतकी उघड असताना ती सगळी त्या मुलाच्याच खांद्यावर का?

वर्षानुवर्षं ही मुलं स्टेडियमं भरत होती आणि त्यांना शिष्यवृत्तीपलीकडे काही मिळत नव्हतं. १ जुलै २०२१पासून त्यांना आपल्या नावाचे पैसे घेता येऊ लागले, आणि २०२५पासून विद्यापीठं थेट पैसे देऊ लागली. हे न्यायाचंच झालं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. लॅटिमोरला त्या दोन-तीन वर्षांत हक्काचे पैसे मिळाले असते. पण त्याचबरोबर ताऱ्यांना आता सरळ बाजारभाव आला. क्विन युअर्सने तर हायस्कूलचं शेवटचं वर्षच सोडलं, कारण टेक्सासच्या नियमांनुसार शाळेत असताना असे पैसे घेता येत नव्हते. तो ओहायो स्टेटला गेला, सबंध हंगामात दोन चेंडूंपुरता मैदानात उतरला, आणि टेक्सासला परतला.

दुखापतींबद्दलही थोडं हललं आहे. १ ऑगस्ट २०२४पासून वरच्या श्रेणीच्या महाविद्यालयांना खेळताना झालेल्या दुखापतीचा उपचारखर्च, मुलगा बाहेर पडल्यावरही निदान दोन वर्षं करावा लागतो, आणि दुखापतीच्या कारणाने शिष्यवृत्ती काढून घेता येत नाही. चांगलं पाऊल आहे. पण विम्यातला माणूस म्हणून सांगतो, दोन वर्षं फार तोकडी. विसाव्या वर्षी फाटलेला गुडघा चाळिशीत खरा त्रास देतो. ज्याच्या जिवावर स्टेडियम भरलं, त्याच्या गुडघ्याची जबाबदारी निदान वीस वर्षांची हवी. पदवी पूर्ण करण्याची सोय तर कुठल्याही वयात, विनाशर्त हवी.

त्या जिममधल्या मुलाचं पुढे काय झालं, असं तुम्ही विचाराल. खांद्याच्या दुखण्याने तो दुसऱ्या वर्षी बाहेर बसला, मग कॉलेज बदललं, मग खेळ सुटला. ड्राफ्टमध्ये त्याचं नाव आलं नाही. आता तो एका प्राथमिक शाळेत शिकवतो, असं मुलीकडून कळलं. ज्या टेबलाकडे कॅमेरे फिरकले नाहीत, तिथे एक अवाढव्य, लाजरा मुलगा बसला होता, एका छोट्या महाविद्यालयाच्या कागदावर सही करत. त्याचे वडील कामावरच्या गणवेशातच आले होते आणि रिकाम्या होत चाललेल्या जिममध्ये मोबाइलवर त्याचा फोटो काढत होते. त्याचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही, कारण मीही इतरांबरोबर बाहेर पडलो होतो.

आपल्यापैकी अनेकांची मुलं, नातवंडं आज डॅलसला, ह्यूस्टनला, अटलांटाला त्या शाळांतून शिकतात. तुम्ही तिकडे जाता, शुक्रवारी त्या पायऱ्यांवर बसता. डिसेंबरात कधी त्या जिममध्ये जायचा योग आला, तर एवढं करा. शेवटच्या टेबलावरची सही होईपर्यंत थांबा, आणि त्या मुलासाठीही टाळ्या वाजवा.